साइक्स आडनाव आणि वाय गुणसूत्र

आडनाव एक म्हणजे कूळही एक, असे आपण सहज धरून चालतो. इंग्लंडमध्ये हे गृहीतक साइक्स आडनावावर तपासून पाहिले गेले.

ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या 48 पुरुषांचा डीएनए तपासला आणि निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध केले. वाय गुणसूत्रावरच्या चार खुणा पाहिल्या होत्या. 21 जणांमध्ये चारही तंतोतंत जुळल्या; तुलनेसाठी घेतलेल्या इतर आडनावांच्या पुरुषांत हा संच आढळला नाही.

वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडेच जाते, तिथले आडनावही तसेच. खूण म्हणजे डीएनएतली काही अक्षरे, समजा जीएटीए, ओळीने 11 किंवा 14 वेळा आलेली. नक्कल होताना क्वचित एखादी आवृत्ती वाढते किंवा गळते. एका खुणेत असा बदल सरासरी 500 पिढ्यांत एकदा होतो. आडनाव सातशे वर्षांपूर्वीचे मानून साधारण 25 पिढ्या धरल्या, तर समान पूर्वजापासून आजच्या दोघांपर्यंत मिळून 50 पायऱ्या होतात. 37 खुणा तपासल्या तर 37 गुणिले 50 भागिले 500, म्हणजे सुमारे 3.7 फरक अपेक्षितच आहेत. तेवढ्यावरून 'नाते नाही' म्हणणे चूक. उलट, चारच खुणा जुळल्या तर तो योगायोगही असू शकतो. पश्चिम युरोपात काही संच फारच सर्रास आढळतात.

उरलेल्या 27 जणांचे काय? लगेच व्यभिचाराचा संशय घेणे अन्यायाचे आहे. दत्तक मूल, सावत्र वडिलांचे आडनाव, अविवाहित आईचे आडनाव, इस्टेटीसाठी घेतलेले सासुरवाडीचे आडनाव, अशी कितीतरी कारणे असतात. दर पिढीला फक्त 1 टक्का साखळी तुटली, तरी 25 पिढ्यांनंतर शंभरातल्या 78 शाखाच अखंड उरतात.

'तुमच्या आडनावाचे कुलचिन्ह' (कोट ऑफ आर्म्स) विकणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. इंग्लंडमध्ये असे चिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळते, आडनावाला नाही.

लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी 2009 मध्ये 40 आडनावे तपासली. ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात बहुतेक पुरुष एकाच पूर्वजाकडे जातात, कारण मूळ पुरुष थोडे आणि त्यांतल्याही कित्येकांचे वंश मुलगे नसल्याने खुंटलेले. स्मिथ मात्र गावोगावचे लोहार, त्यामुळे त्यांच्यात असा एकसारखेपणा दिसत नाही. दोन स्मिथांच्या 37 खुणा जुळल्या, तरी समान पूर्वज नेमका कधीचा हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी गुणसूत्राचे सविस्तर वाचन करून एकेका अक्षरातले बदल शोधावे लागतात.