युरोपातील भूस्थित पवनऊर्जा व पवनचक्कीनिर्मिती

युरोपातील भूस्थित पवनऊर्जा : शेतांत, डोंगरमाथ्यांवर, पठारांवर आणि किनाऱ्यालगतच्या सपाट जमिनींवर पवनचक्क्यांचे समूह उभारून वीज निर्माण करण्याचा उद्योग, आणि त्यासाठी लागणारी यंत्रे घडवणारी युरोपातील कारखानदारी. २०२४ अखेर युरोपातील पवनऊर्जेची स्थापित क्षमता सुमारे २८५ गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे एक हजार मेगावॉट) होती आणि त्यांपैकी जवळजवळ २५० गिगावॉट जमिनीवरची होती. वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात ती समुद्रातल्या चक्क्यांची, पण खरा भार अजूनही जमिनीवरच्याच वाहतात. युरोपीय संघात २०२३ साली वाऱ्यापासून मिळालेली वीज नैसर्गिक वायूपासूनच्या विजेपेक्षा प्रथमच जास्त भरली. डेन्मार्कमध्ये तर निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची असते.

हा इतिहास यंत्रांचा तितकाच कायद्यांचाही आहे. चक्की कोणाच्या मालकीची, विजेला भाव काय आणि परवाना किती वर्षांत मिळतो, या तीन गोष्टी बदलल्या की कारखाने भरभराटले किंवा बंद पडले. वारा मात्र कायम तितकाच होता.

आरंभ : स्कॉटलंडमधील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ याने १८८७ मध्ये मेरीकर्क गावातील आपल्या सुटीच्या घरी कापडी शिडांची चक्की उभारून दिवे लावले. उरलेली वीज गावच्या रस्त्यावरील दिव्यांसाठी देऊ केली, तर गावकऱ्यांनी ती सैतानी करामत म्हणून नाकारली, असे सांगतात. डेन्मार्कमध्ये पॉल ला कूर याने १८९१ पासून आस्कोव येथील लोकशाळेत पद्धतशीर प्रयोग केले. पुष्कळ पात्यांच्या संथ चक्कीपेक्षा मोजक्या पात्यांची वेगवान चक्की वीजनिर्मितीला सरस ठरते, हे त्याने दाखवून दिले. वारा पडला तर काय करायचे, या प्रश्नावर त्याने विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे पेटवले. हरित हायड्रोजन म्हणून आज ज्याचा गाजावाजा होतो, ती कल्पना सव्वाशे वर्षे जुनी आहे. वाऱ्यातील ऊर्जेपैकी जास्तीत जास्त ५९.३ टक्केच चक्कीला घेता येते, ही मर्यादा गटिंगेनच्या आल्बर्ट बेट्झ याने पहिल्या महायुद्धानंतर गणिताने मांडली.

ला कूरच्या हाताखाली शिकलेल्या योहानेस यूल याने १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॉटची चक्की चालू केली. तीन पाती, वाऱ्याकडे तोंड, थेट वीजजालाला जोडलेले साधे असिंक्रोनस जनित्र (वीजजालाच्या लयीशी आपोआप जुळवून घेणारे), वेग हाताबाहेर गेला तर पात्यांच्या टोकांशी हवेचे ब्रेक, अशी तिची रचना होती. खास देखभालीशिवाय ती सुमारे दहा वर्षे चालली. खनिज तेल स्वस्त असल्याने पुढे कोणी तिच्याकडे लक्ष दिले नाही.

लोहार विरुद्ध अभियंते : १९७३ च्या तेलसंकटानंतर दोन वाटा फुटल्या. जर्मनीने सरकारी पैशातून ग्रोविआन हे ३ मेगावॉटचे, १०० मीटर व्यासाच्या दोन पात्यांचे अवाढव्य यंत्र उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर उभारले. १९८३ ते १९८७ या काळात ते चालण्यापेक्षा बंदच जास्त राहिले आणि शेवटी मोडीत निघाले. अमेरिका आणि स्वीडनमधील महाकाय यंत्रांचीही गत फारशी वेगळी झाली नाही.

डेन्मार्कमध्ये मात्र हे काम सुतार, लोहार आणि शेती-अवजारे बनवणाऱ्यांच्या हाती गेले. ख्रिश्चन रीसागर या सुताराने आपल्या अंगणात २२ किलोवॉटची चक्की बसवली आणि शेजाऱ्यांना तशाच विकल्या. ट्विंड येथील शाळेच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी व स्वयंसेवकांनी १९७८ पर्यंत स्वतःच्या हाताने एक प्रचंड चक्की बांधली. ती आजही उभी आहे. फायबरग्लासच्या पात्याचे बूड मध्यभागी घट्ट कसे जोडायचे, ही तिथली युक्ती पुढे डॅनिश उद्योगाने उचलली. कार्ल एरिक यॉर्गेन्सन हा लोहार आणि त्याच्यासोबतचा तरुण हेन्रिक स्टिस्डाल यांनी घडवलेल्या तीन पात्यांच्या चक्कीचा परवाना १९७९ मध्ये वेस्टास कंपनीने घेतला. वेस्टास तोवर शेतीसाठीची वाहने व हायड्रॉलिक क्रेन बनवत होती. बोनस ही दुसरी कंपनी सिंचनाची उपकरणे करणाऱ्यांतून निघाली, तर नॉर्डटँकचा मूळ धंदा टाक्यांचा होता.

ही यंत्रे जड आणि ओबडधोबड होती. तरीही ती टिकली, याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. एक तर ती लहान होती. मोडली तर गावातच दुरुस्त होत आणि पुढच्या वर्षीच्या यंत्रात तो दोष राहत नसे. दुसरे म्हणजे, १९७८ साली डेन्मार्कमधील रिसो येथे चाचणी केंद्र सुरू झाले आणि तिथले प्रमाणपत्र असल्याशिवाय सरकारी अनुदान मिळेना. तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते : चक्कीमालकांची संघटना आपल्या नियतकालिकात कोणत्या चक्कीने महिन्याला किती वीज दिली आणि कोणती बिघडली, हे उघड छापत असे. उत्पादकाला लपायला जागाच नव्हती.

मालकीही गावाचीच होती. शेजारीपाजारी मिळून सहकारी गट करत, भाग विकत घेत आणि विजेचे उत्पन्न वाटून घेत. या शतकाच्या आरंभी एक लाखाहून अधिक डॅनिश कुटुंबांचा अशा गटांत वाटा होता. उसाच्या आणि दुधाच्या संस्था पाहिलेल्या मराठी वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही. १९८५ मध्ये डॅनिश संसदेने अणुवीज नाकारली, त्यामागे याच वातावरणाचे बळ होते.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील करसवलतींमुळे हजारो डॅनिश चक्क्या तिकडे गेल्या. सवलत संपली तशी मागणी आटली. १९८६ मध्ये वेस्टास दिवाळखोरीत गेली आणि केवळ पवनचक्क्यांचा विभाग घेऊन नव्याने उभी राहिली. कायदा बदलला की कारखाना कोसळतो, हा धडा उद्योगाला पहिल्यांदा मिळाला तो इथे. शेवटचा मात्र तो नव्हता.

हमीभाव आणि लिलाव : जर्मनीत १९९१ च्या आरंभी अमलात आलेल्या कायद्याने वीजकंपन्यांवर बंधन घातले की पवनवीज घ्यायचीच, आणि तिला ग्राहकदराच्या सरासरीच्या ९० टक्के भाव द्यायचा. २००० च्या नवीकरणीय ऊर्जा कायद्याने वीस वर्षांचा निश्चित दर दिला. भाव ठरलेला असल्यामुळे बँका शेतकऱ्यालाही कर्ज देऊ लागल्या. श्लेस्विग-होल्श्टाइन आणि लोअर सॅक्सनीत नागरिकांच्या मालकीची पवनक्षेत्रे वाढली. आऊरिख गावच्या आलॉइस वोबेन याच्या एनेरकॉन कंपनीने १९९० च्या दशकात गिअरबॉक्स (पात्यांची संथ गती जनित्रासाठी वाढवणारी दातेरी चाकांची पेटी) नसलेली चक्की बाजारात आणली. सर्वांत जास्त कटकटीचा भागच काढून टाकल्याने ती जर्मनीत आघाडीला गेली.

स्पेनची वाट वेगळी होती. नवारा, गॅलिशिया यांसारख्या स्वायत्त प्रांतांनी पवनक्षेत्राचा परवाना देताना कारखाना आमच्याकडेच काढा, अशी अट घातली. वेस्टासच्या भागीदारीतून वाढलेली गामेसा अशाच धोरणातून मोठी झाली आणि २००१ नंतर स्वतंत्र चालली. ब्रिटनने याउलट सुरुवातीपासून स्वस्त निविदांवर भर दिला. तिथले पहिले व्यापारी पवनक्षेत्र १९९१ मध्ये कॉर्नवॉलमधील डेलाबोल येथे झाले, पण यंत्रे डॅनिश होती.

२०१७ मध्ये जर्मनीने निश्चित दर सोडून लिलाव आणले, म्हणजे सर्वांत कमी दर मागणाऱ्याला कंत्राट. दर कोसळले आणि सुरुवातीला सर्वांना आनंद झाला. पण परवाने रखडले, न्यायालयीन दावे वाढले आणि वर्षाला ५ गिगावॉटहून जास्त होणारी उभारणी २०१९ मध्ये सुमारे १ गिगावॉटवर आली. त्याच वर्षी सेनव्हिऑन ही जर्मन कंपनी दिवाळखोरीत गेली आणि एनेरकॉनने सुमारे ३,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. स्वस्त विजेचा हिशेब कामगारांच्या घरी चुकता झाला.

सेनव्हिऑनचे जुने नाव रीपॉवर. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनने २००७ मध्ये फ्रान्सच्या आरेवाशी चढाओढ करून या कंपनीवर ताबा मिळवला होता. त्याच्या आदल्या वर्षी सुझलॉनने हान्सेन ही बेल्जियमची गिअरबॉक्स कंपनीही घेतली होती. सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्या उभारणारी कंपनी एकदम युरोपच्या पंगतीत बसली. मात्र या खरेदीच्या कर्जाने ती वाकली. हान्सेन तिने सोडली आणि २०१५ मध्ये सेनव्हिऑनही सुमारे १ अब्ज युरोंना विकून टाकली.

पवनक्षेत्राची उभारणी : वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. म्हणून जागा निवडताना किमान वर्षभर उंच मास्ट किंवा लेसर-आधारित उपकरणांनी वारा मोजतात. वेगाच्या अंदाजातली लहानशी चूकही पुढे कर्जफेडीत बोचते. जमीन बहुधा विकत घेत नाहीत, शेतकऱ्याकडून भाड्याने घेतात. चक्कीच्या पायापुरती जागा सोडली तर शेती चालू राहते. एका चक्कीमागे खवळलेली, मंदावलेली हवा दुसरीवर येऊ नये म्हणून त्यांच्यात पात्यांच्या फेऱ्याच्या व्यासाच्या काही पट अंतर ठेवतात.

खरा वेळ जातो तो परवान्यात. आवाज, घरांवर पडणारी फिरती सावली, लष्करी रडार, स्थलांतरी पक्षी, वटवाघळे, जर्मनीत तांबडी घार, अशा प्रत्येक बाबीचा अभ्यास आणि त्यावरील हरकती यांत वर्षे निघून जातात. वटवाघळांसाठी उन्हाळ्यातल्या मंद वाऱ्याच्या रात्री चक्क्या थांबवून ठेवण्याची अटही अनेक ठिकाणी असते. शिवाय वीजजालात जोडणीसाठी रांग असतेच. बांधकाम त्या मानाने झटपट होते : काँक्रीटचा रुंद पाया, मनोऱ्याचे तुकडे, वर जनित्राची पेटी, मग पाती. ऐंशी मीटरचे पाते गावातल्या वळणावरून नेण्यासाठी रात्री रस्ते बंद करावे लागतात, कधी रस्त्याकडेचे खांबही काढावे लागतात.

कारखान्यात : १९८० च्या सुमारास १५ मीटर व्यासाची ५५ किलोवॉटची चक्की मोठी समजत. आजची जमिनीवरची यंत्रे ६ ते ७ मेगावॉटची, १६० ते १७५ मीटर व्यासाची असतात. व्यास अकरापट वाढला, तर वारा पकडणारे क्षेत्र आणि क्षमता दोन्ही सव्वाशे पटींच्या आसपास वाढली.

पाती अजूनही बरीचशी माणसांच्या हातांनी बनतात. लांबलचक साच्यात काचतंतूचे कापड थरावर थर अंथरतात, मध्ये इक्वेडोरहून येणारे हलके बाल्सा लाकूड किंवा फोम घालतात, निर्वात करून राळ ओढून घेतात आणि दोन अर्धे चिकटवतात. कापडाला कुठे सुरकुती राहिली, तर काही वर्षांनी तिथेच तडा जातो. एवढी मजुरी लागत असल्यामुळे हे काम डेन्मार्क-जर्मनीतून पोलंड, पोर्तुगाल, तुर्कस्तानातील इझमीर आणि त्याहीपुढे भारत-चीनकडे सरकले. डेन्मार्कमधील लुंडरस्कोवच्या लाकडी सामानाच्या कारखान्यातून निघालेली एलएम ही पाती बनवणारी कंपनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या जीईने घेतली. मनोऱ्याच्या पोलादी नळकांड्यांना मर्यादा रस्त्यावरचे पूल घालतात : साडेचार मीटरच्या आसपास व्यास गेला की तुकडा पुलाखालून जात नाही. म्हणून जर्मनीत खालचा भाग काँक्रीटचा करतात आणि स्वीडनमध्ये मॉडव्हिऑनने लाकडी मनोरेही उभारले आहेत. जनित्रातील चुंबकांसाठी लागणारी दुर्मीळ मृदा खनिजे मात्र बहुतांशी चीनच्या हाती आहेत.

दर एकदोन वर्षांनी मोठे यंत्र काढण्याच्या शर्यतीने कंपन्यांचे नुकसान झाले, असे माझे मत आहे. जुन्या यंत्राचा खर्च वसूल होण्याआधी नवे येई आणि पुरेशी पारख व्हायला उसंत नसे. २०२१-२२ मध्ये पोलादाचे भाव व वाहतूक महागली, पण करार जुन्या स्वस्त दरांचे होते. वेस्टासला २०२२ मध्ये दीड अब्ज युरोंहून अधिक तोटा झाला. जून २०२३ मध्ये सीमेन्स गामेसाच्या (गामेसा आणि जर्मन सीमेन्सचा पवनविभाग मिळून झालेल्या कंपनीच्या) जमिनीवरील यंत्रांतील पाती व बेअरिंगमधले दोष जाहीर झाले आणि मूळ कंपनी सीमेन्स एनर्जीच्या समभागाचा भाव एका दिवसात एकतृतीयांशाहून जास्त पडला. त्या वर्षाअखेर जर्मन सरकारला ७.५ अब्ज युरोंची हमी द्यावी लागली. रिसोच्या प्रमाणपत्राचा आणि मालकांच्या उघड नोंदींचा काळ इथून फार दूर वाटतो.

विरोध : गावाची मालकी गेली आणि भांडवल लांबून येऊ लागले, तसा विरोध तीव्र झाला. बव्हेरियाने २०१४ मध्ये आणि पोलंडने २०१६ मध्ये चक्कीच्या उंचीच्या दहापट अंतर घरांपासून ठेवण्याचा नियम केला. दाट वस्तीच्या प्रदेशात त्याचा अर्थ जवळजवळ बंदी असाच झाला. इंग्लंडमध्ये २०१५ पासूनची अशीच आडवळणाची बंदी जुलै २०२४ मध्ये उठली. नॉर्वेतील फोसेनचे प्रकरण अधिक गंभीर आहे. तिथल्या १५१ चक्क्यांनी सामी या उत्तरेकडील आदिवासी लोकांच्या रेनडिअरची हिवाळी कुरणे व्यापली. हे परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला, तरी चक्क्या फिरतच राहिल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी तरुणांनी ऑस्लोत मंत्रालय अडवले. सरकारने माफी मागितली आणि तडजोडी व्हायला मार्च २०२४ उजाडला. उलट उदाहरणही आहे : ग्लासगोजवळच्या व्हाइटली येथे २१५ चक्क्यांमधून शंभराहून अधिक किलोमीटरच्या पायवाटा आहेत आणि लोक तिथे सायकली घेऊन फिरायला जातात.

सद्यःस्थिती : युक्रेन युद्धानंतर चक्र पुन्हा फिरले. जर्मनीने २०२२ मध्ये पवनऊर्जेला वरचढ सार्वजनिक हिताचा दर्जा दिला आणि २०३२ पर्यंत देशाची २ टक्के जमीन त्यासाठी राखण्याचे राज्यांवर बंधन घातले. २०२४ मध्ये तिथे सुमारे १४ गिगावॉटचे विक्रमी परवाने दिले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वस्त चिनी चक्क्यांना त्यांच्या सरकारचे छुपे साहाय्य मिळते का, याची चौकशी युरोपीय आयोगाने सुरू केली.

दरम्यान पहिल्या पिढीच्या चक्क्या वयाने उतरणीला लागल्या आहेत. त्या काढून त्याच जागी थोड्या पण मोठ्या बसवतात आणि चालू स्थितीतली जुनी यंत्रे दुय्यम बाजारात विकली जातात. पोलाद आणि तांब्याला भंगारात चांगला भाव येतो. काचतंतूच्या पात्यांना तो नाही. ती सिमेंटच्या भट्टीत जातात, क्वचित पादचारी पुलासाठी वापरली जातात. राळ विरघळवून तंतू वेगळे करता येतील अशी पाती २०२१ पासून बनू लागली आहेत, पण ती मोडीत निघायला अजून वीस-पंचवीस वर्षे आहेत.