सोडलेला उपग्रह कायम वरच राहतो का?

'अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून एकदा सोडलेला उपग्रह कायम फिरत राहतो' हा मजकूर कित्येक वर्षे फॉरवर्ड होतो आहे. अंतराळवीर तरंगताना दिसतात, त्यामुळे तो पटणे स्वाभाविक आहे.

पृथ्वीची त्रिज्या 6371 किमी. 400 किमी उंचीवर केंद्रापासूनचे अंतर 6771 किमी. ओढ केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून पहिल्याला दुसऱ्याने भागून वर्ग करा, 0.885 येते. म्हणजे तिथेही जमिनीवरच्या सुमारे 88 टक्के ओढ असते. उपग्रह सतत पडतच असतो, पण सेकंदाला साडेसात किमीहून जास्त आडव्या वेगामुळे जमिनीला टेकत नाही.

तिथे हवाही असते, अतिविरळ. 10 सेंमीचा क्यूबसॅट, म्हणजे छोटा घनाकृती उपग्रह, तिला घासत खाली येतो आणि बहुधा एक-दोन वर्षांत जळून जातो. सूर्य जास्त सक्रिय असला की वरची हवा फुगते, मग आणखी लवकर. 36,000 किमीवरच्या दूरसंचार उपग्रहांना मात्र हा त्रास नाही.

हे घरबसल्या पडताळता येते. बहुतेक उपग्रहांची 'टीएलई', म्हणजे कक्षेची दोन ओळींची नोंद, इंटरनेटवर मोफत मिळते. दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या भागात दिवसातल्या फेऱ्यांचा आकडा असतो. 400 किमीवर तो साधारण 15.5. दर आठवड्याला वहीत टिपा. तो वाढत जातो. घर्षणाने वेग कमी व्हायला हवा ना? मला यातले सर्वांत सुंदर हेच वाटते: खाली उतरताना मिळणारा वेग घर्षणात गेलेल्या वेगाहून जास्त असतो, शिवाय फेरीही लहान होते. आकडा 16 च्या पुढे गेला की उंची 300 किमीच्या आत आलेली असते. 16.4 ओलांडल्यावर बहुधा दिवसभरही उरत नाही.