शेवटचे ७०० मीटर: ट्रायथलॉनपटूच्या शरीरात काय घडते

१८ सप्टेंबर २०१६ रोजी मेक्सिकोतील कोझुमेल बेटावर जागतिक ट्रायथलॉन मालिकेची अंतिम शर्यत रंगली होती. दीड किलोमीटर पोहून, ४० किलोमीटर सायकल चालवून आणि धावण्याच्या दहा किलोमीटरांपैकी नऊहून अधिक किलोमीटर पार करून ब्रिटनचा जॉनी ब्राउनली एकटाच आघाडीवर होता. तो ही शर्यत जिंकला असता आणि स्पेनचा मारिओ मोला चौथा किंवा त्याहून मागे राहिला असता, तर वर्षभराच्या गुणांवर ठरणारे त्या वर्षीचे जगज्जेतेपद जॉनीचे होते. मोला पाचवा आला. पण शेवटचे सुमारे ७०० मीटर उरलेले असताना जॉनीचे पाय वाकडे पडू लागले, तो रस्त्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे झोकांड्या खाऊ लागला आणि जवळजवळ थांबला. मागून आलेल्या थोरल्या भावाने, अ‍ॅलिस्टरने, स्वतःची शर्यत सोडून त्याला खांद्याचा आधार देत अंतिम रेषेपर्यंत आणले आणि आपल्या पुढे ढकलले. दक्षिण आफ्रिकेचा हेन्री स्कूमन पहिला आला, जॉनी दुसरा आणि अ‍ॅलिस्टर तिसरा. जगज्जेतेपद मोलाने अवघ्या चार गुणांनी मिळवले.

बरोबर एक महिन्यापूर्वी, १८ ऑगस्टला, हेच दोघे भाऊ रिओ ऑलिंपिकमध्ये सहा सेकंदांच्या अंतराने सुवर्ण आणि रौप्य पदकांचे मानकरी ठरले होते. एका महिन्यात जॉनीची तयारी ढासळली नव्हती. ती ढासळली असती तर तो जगातल्या सर्वोत्तम धावपटूंना मागे टाकून आघाडीवर दिसलाच नसता. या खेळातले चढउतार समजून घ्यायचे असतील तर इथून सुरुवात करावी लागते. ज्या क्षमतेच्या बळावर शर्यत जिंकली जाते, तीच क्षमता खेळाडूला कोसळण्याच्या टोकापर्यंत नेते, आणि या दोन टोकांमधले अंतर सामान्य माणसाला वाटते त्याहून फार कमी असते.

थोडे गणित करून पाहू. सपाट रस्त्यावर एक किलोमीटर धावण्यासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. ७० किलो वजनाचा खेळाडू ताशी २० किलोमीटर वेगाने धावत असेल तर तासाला १,४०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १,६०० वॅट ऊर्जा खर्च होते, आणि तिचा बहुतांश भाग उष्णतेच्या रूपाने शरीरातच निर्माण होतो. बादलीतले पाणी तापवण्यासाठी आपण जो विजेचा रॉड सोडतो, जवळजवळ तेवढी ही उष्णता आहे. ती बाहेर पडलीच नाही असे मानले, तर शरीराचे तापमान दर तीन मिनिटांना एक अंश सेल्सिअस वाढेल. विश्रांतीच्या वेळी ३७ अंशांच्या आसपास असलेले तापमान अशाने दहा मिनिटांतच जीवघेण्या पातळीला पोहोचेल.

तसे होत नाही, याचे श्रेय घामाला. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर सुमारे २४ लाख जूल उष्णता शरीराबाहेर जाते, त्यामुळे वरच्या हिशेबाने तासाला दोन लिटरच्या आसपास घाम येणे आणि त्याची वाफ होणे आवश्यक ठरते. यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर सप्टेंबर महिन्यात हवा इतकी दमट असते की घाम येतो, पण वाफ न होता तो अंगावरून नुसता ओघळून जातो. त्यामुळे शरीरातले पाणीही जाते आणि उष्णताही आत राहते. शिवाय धावताना आतडी तासाला जेवढे पाणी शोषू शकतात, त्याहून घामाचा वेग बहुधा जास्त असतो. त्यामुळे रक्ताचे आकारमान घटत जाते आणि उरलेल्या रक्तावर दोन मागण्या एकाच वेळी येतात: स्नायूंना ऑक्सिजन हवा असतो, आणि त्वचेला उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त हवे असते. वेग तोच राहिला तरी हृदयाचे ठोके वाढत जातात, याचे एक मोठे कारण हेच.

ट्रायथलॉनच्या रचनेमुळे हे संकट अगदी शेवटी गाठते. सायकलवर ताशी ४० किलोमीटरचा वारा अंगावर येत असतो आणि तो घाम सुकवतो. ऑलिंपिक पद्धतीच्या शर्यतीत पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने चालवण्याची परवानगी असते, त्यामुळे घोळक्यात राहणाऱ्याची पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. नंतर सायकल रॅकवर टांगून, बूट चढवून खेळाडू धावू लागतो तेव्हा अंगावरचा वारा निम्म्यावर येतो, आडोशाचा फायदा जवळजवळ संपतो आणि उष्णतेची निर्मिती मात्र वाढते. त्यातच स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा तासाभराहून अधिक काळ वापरला गेलेला असतो, आणि पायांच्या स्नायूंना पेडलच्या गोल फिरण्यातून धावण्याच्या लयीत यायला थोडा अवधी लागतो. म्हणूनच हे खेळाडू सरावात सायकलीवरून उतरून लगेच धावण्याची सवय करतात.

जॉनीच्या झोकांड्यांचे काय? आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि त्याच वेळी मेंदूचे काम बिघडू लागले, की वैद्यकशास्त्र त्याला श्रमजन्य उष्माघात म्हणते. तोल आणि हालचालींचा मेळ सांभाळणारा लहान मेंदू उष्णतेला विशेष संवेदनशील असतो. पाय शक्तिहीन होण्याआधीच ते कुठे पडतात यावरचा ताबा सुटतो, त्याचे हे कारण मानले जाते. मात्र नुसता तापमानाचा आकडा सगळे काही सांगत नाही. काही मुरलेले धावपटू ४० अंशांच्या वर जाऊनही शुद्धीवर आणि तोल सांभाळून शर्यत संपवतात, तर काहींना त्याआधीच भोवळ येते. शरीर किती सरावलेले आहे, झोप आणि पाणी किती मिळाले, गेल्या आठवड्यात ताप येऊन गेला होता का, अशा अनेक गोष्टींवर ते अवलंबून असते.

निरोगी माणसाचा मेंदू शरीर तापू लागल्यावर स्नायूंना जाणारी आज्ञा आपोआप कमी करतो. उन्हात चालताना आपला वेग मंदावतो तो यामुळेच. जगज्जेतेपद ७०० मीटरांवर दिसत असताना खेळाडू ही आतली सूचना बाजूला सारू शकतो, आणि वर्षानुवर्षांचा सराव त्याला नेमके तेच शिकवत असतो. अ‍ॅलिस्टरने शर्यतीनंतर भावावर माया दाखवतानाच वेगाचे नियोजन चुकल्याबद्दल त्याला चारचौघांत सुनावले होते. तसे सुनावण्याचा त्याला अधिकार होता, कारण २०१० साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये तो स्वतः विजयाच्या शर्यतीत असताना शेवटच्या काहीशे मीटरमध्ये असाच ढेपाळून दहावा आला होता. दोन वर्षांनी त्याच हाइड पार्कमध्ये त्याने ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. त्या दिवशी कांस्यपदक जिंकलेला जॉनी मात्र अंतिम रेषेनंतर कोसळला आणि पदकप्रदान समारंभ लांबवावा लागला.

कोझुमेलची चित्रफीत जगभर बंधुप्रेमाचे उदाहरण म्हणून पाहिली गेली, आणि ते प्रेम खरेच होते. तरीही वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर झोकांड्या खाणाऱ्या माणसाला आणखी शेकडो मीटर चालवणे मला धोक्याचे वाटते. उष्माघातात शरीर किती तापले यापेक्षा ते किती वेळ तापलेले राहिले, यावर परिणाम अधिक अवलंबून असतो, आणि पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आणणे निर्णायक ठरते. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबमध्ये मानेपर्यंत बुडवून ठेवणे हा त्यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. आधी थंड करायचे आणि मग रुग्णालयात न्यायचे, असा नियमच आहे. अमेरिकेतील फॅलमाउथ येथील उन्हाळी रस्ता शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांवर असे उपचार झाले आणि त्यांपैकी एकही दगावला नाही. जॉनीला रुग्णालयात नेऊन शिरेतून द्रव द्यावा लागला आणि तो बरा झाला. पुढे नियम बदलले आणि दुसऱ्या स्पर्धकाला ढकलून पुढे नेण्यास मनाई झाली. आपल्याकडे २०१९ पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध-आयर्नमॅन (लांब पल्ल्याच्या आयर्नमॅन ट्रायथलॉनची निम्म्या अंतराची) शर्यत होते, आणि तिथली दमट हवा लक्षात घेता, तिथे आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक मॅरेथॉनच्या वैद्यकीय तंबूत असा टब असायलाच हवा असे मला ठामपणे वाटते.

शर्यतीतला उतार सर्वांना दिसतो. त्याहून लांबलेले आणि अधिक क्लेशदायक उतार सरावाच्या काळात येतात, आणि त्यांकडे कॅमेरे वळत नाहीत. या पातळीवरचे खेळाडू आठवड्याला पंचवीस-तीस तास सराव करतात. पोहणे आणि सायकल यांमुळे हृदय, फुप्फुसे आणि स्नायू झपाट्याने बळकट होतात, परंतु या दोन्ही प्रकारांत हाडांवर आदळणारा भार नगण्य असतो. हाडाचा जुना भाग झिजवून काढायला शरीराला साधारण तीन आठवडे लागतात, तर त्या जागी नवे हाड भरून यायला तीन महिने. त्यामुळे धावण्याचा वेग पेलण्याची ताकद छातीत असते, पण नडगीत किंवा पावलात नसते. या खेळातल्या बहुतेक दुखापती धावण्याशी निगडित असतात आणि नडगीच्या हाडाला जाणारी बारीक चीर नावाजलेल्या खेळाडूंनाही महिनोन्‌महिने घरी बसवते. पोटरीला टाचेशी जोडणारी अकिलीस कंडरा तर याहून सावकाश भरून येते, कारण तिला रक्तपुरवठाच कमी असतो. २०१२ च्या सुरुवातीला, लंडन ऑलिंपिक काही महिन्यांवर असताना, अ‍ॅलिस्टरची हीच कंडरा फाटली होती. पाण्यात तरंगत धावण्याच्या सरावाने त्याने आपली ऑक्सिजन वापरण्याची क्षमता टिकवून धरली आणि जूनमध्ये किट्झब्यूल येथील शर्यत जिंकून तो परतला.

दुखापत निदान दिसते तरी. अन्नाची तूट कित्येक महिने कळतही नाही. एखाद्या महिला खेळाडूच्या शरीरात चरबी वगळता ५० किलो वजन आहे असे समजू. हृदय, मेंदू, हाडे, संप्रेरके यांच्या रोजच्या कामासाठी दर किलोमागे सुमारे ४५ किलोकॅलरी, म्हणजे २,२५० किलोकॅलरी तिच्यासाठी उरायला हव्यात. त्या दिवशीच्या चार तासांच्या सरावात २,५०० किलोकॅलरी खर्च झाल्या असतील तर तिला एकूण ४,७५० किलोकॅलरींचे अन्न पोटात घालावे लागेल, आणि तेही कठोर व्यायामानंतर भूक मंदावलेली असताना. ही उरणारी ऊर्जा दीर्घकाळ दर किलोमागे ३० किलोकॅलरींच्या खाली राहिली, की शरीर काटकसर सुरू करते. थायरॉइडचे कार्य मंदावते, स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते, पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन घटते, हाडांची घनता उतरते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला सापेक्ष ऊर्जा-न्यूनता असे नाव दिले. सुरुवातीला वजन उतरल्यामुळे खेळाडू काही आठवडे अधिक वेगाने धावतो, हा यातला सर्वांत घातक भाग आहे. वेळ सुधारली की प्रशिक्षक आणि खेळाडू दोघांनाही आपण योग्य मार्गावर आहोत असे वाटते, आणि हाडाला चीर जाते तेव्हा त्या कौतुकाची किंमत चुकवावी लागते.

या सगळ्यातून सुखरूप पार पडलेल्या खेळाडूला शर्यतीच्या दिवशी नेमके ताजेतवाने असावे लागते. त्यासाठी शेवटच्या दोन आठवड्यांत सरावाचे प्रमाण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करतात, वेग मात्र तोच ठेवतात. त्याने कामगिरी दोन-तीन टक्क्यांनी सुधारते. हा आकडा पॅरिस ऑलिंपिकच्या संदर्भात पाहू. ३१ जुलै २०२४ रोजी, सेन नदीचे पाणी दूषित असल्यामुळे एक दिवस पुढे ढकललेल्या शर्यतीत, न्यूझीलंडचा हेडन वाइल्ड धावताना बराच काळ आघाडीवर होता. ब्रिटनच्या अ‍ॅलेक्स यीने त्याला शेवटच्या काहीशे मीटरमध्ये गाठले आणि १ तास ४३ मिनिटे ३३ सेकंदांत सुवर्ण जिंकले. वाइल्डला सहा सेकंद अधिक लागले, म्हणजे एकूण वेळेच्या एक दशांश टक्का. जागतिक दर्जाच्या ट्रायथलॉनपटूची स्वतःची कामगिरीसुद्धा दोन शर्यतींदरम्यान साधारण एक टक्क्याने, म्हणजे तासाभराहून अधिक चालणाऱ्या या शर्यतीत मिनिटभराने वरखाली होते. पदकांचा रंग ठरवणारा फरक खेळाडूच्या नैसर्गिक चढउताराच्या दहाव्या हिश्श्याइतका असेल, तर एका पराभवावरून कोणाच्या घसरणीचे निदान करणे शास्त्राला धरून नाही. वाइल्डबद्दल त्या दिवशी हळहळ वाटली, ती यासाठी की त्याच्या हातून काही चुकले असे दाखवता येत नव्हते.

हा चढउतार कमी करण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न नॉर्वेच्या चमूने केला आहे. सरावाच्या वेळी पुन:पुन्हा रक्तातील लॅक्टेट (जोरदार श्रमात स्नायूंमधून रक्तात येणारा पदार्थ) मोजणे, शरीराचे आतले तापमान संवेदकाने पाहत राहणे, उष्णतेची सवय व्हावी म्हणून मुद्दाम तापलेल्या खोलीत सायकल चालवणे, अशा मोजमापांच्या आधारे क्रिस्टियन ब्लुमेनफेल्टने २०२१ मध्ये टोकियोच्या दमट हवेत ऑलिंपिक सुवर्ण मिळवले, त्याच वर्षी जगज्जेतेपदही जिंकले आणि २०२२ च्या मे महिन्यात आयर्नमॅनचे जागतिक विजेतेपद पटकावले. दोन आठवडे उष्णतेत सराव केला की रक्तद्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते, हे शरीरविज्ञान जुनेच आहे. नॉर्वेने ते कसोशीने अमलात आणले. पॅरिसमध्ये मात्र हाच ब्लुमेनफेल्ट बारावा आला. लॅक्टेट बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबात मोजता येते आणि तापमान छातीवरच्या पट्ट्यावरून कळते, पण स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नेमके किती उरले आहे हे अचूक पाहायचे असेल तर आजही सुईने स्नायूचा तुकडाच काढावा लागतो, आणि शर्यतीच्या सकाळी कोणताही खेळाडू ते करू देणार नाही.