पेट्रोल चेनसॉ घरी नेण्याआधी एवढे वाचा

जून २०२० मध्ये निसर्ग वादळ झाले, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आले, आणि आमच्या दुकानातले गिऱ्हाईक बदलले. त्याआधी लाकूड कापायचे मशीन न्यायला येत ते ठेकेदार आणि त्यांचे कामगार. आता आंब्याचे बागायतदार येतात, काजूची कलमे छाटणारे येतात, अंगणातला माड आडवा झालेली घरची माणसेही येतात. यातल्या बऱ्याच जणांनी आधी कधी मशीन हातात धरलेले नसते. दुकानात गर्दी असली की सगळे सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक मशीनच्या खोक्यात घालतो आहोत. घरात मशीन जो चालवणार आहे त्याच्याच हातात ते द्या.

दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेले पेट्रोल, आणि बोथट साखळी. पेट्रोलमुळे मशीन बिघडते. बोथट साखळीमुळे माणूस जखमी होतो, म्हणून धारेबद्दल खाली जास्त लिहिले आहे.

पेट्रोल आणि ऑइल

इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्याला वेगळे इंजिन ऑइल नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइलच पिस्टनला वंगण देते. नुसते पेट्रोल घातले तर काही मिनिटांत पिस्टन जॅम होतो आणि तो खर्च मशीनच्या किमतीला टेकतो. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ५०:१ लिहिले असेल तर एका लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजाने झाकणभर ओतू नका, मापाची बाटली खोक्यात दिलेली आहे. मोटरसायकलचे फोर-स्ट्रोक ऑइल यात चालत नाही.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि कोकणातल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. तयार मिश्रण फार दिवस राहिले की त्यात पाणी साठते, कार्बोरेटरमधला रबरी पडदा कडक होतो आणि मशीन चालू होईनासे होते. म्हणून आठवड्याच्या कामापुरतेच मिश्रण करा. महिन्याच्या वरचे मिश्रण मशीनमध्ये घालू नका. मिश्रण पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका, घरात कोणीतरी ती तोंडाला लावेल.

इंजिन गरम असताना टाकी उघडू नका. बिडी-सिगारेट लांब ठेवा. टाकी भरली त्या जागेपासून निदान दहा पावले दूर जाऊन मशीन चालू करा.

दुसरी टाकी साखळीच्या ऑइलची. पेट्रोल भरताना दर वेळी तीही भरा. गाडीतून काढलेले काळे ऑइल फुकट मिळते म्हणून अनेक जण घालतात. त्यात धातूचा कीस असतो, पंप आणि बार (साखळी जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) दोन्ही झिजतात, शिवाय ते तुमच्या अंगावर आणि विहिरीजवळच्या मातीत उडते. ऑइल येते आहे का हे बघायला बारचे टोक वाळल्या पानाजवळ धरून मशीन जोरात फिरवा. पानावर ऑइलची रेघ उमटली पाहिजे.

चालू करताना

मशीन सपाट जमिनीवर ठेवा. समोरचा गार्ड पुढे ढकलून चेन ब्रेक लावा. उजवा पाय मागच्या मुठीत रोवा, डाव्या हाताने पुढची मूठ दाबून धरा आणि उजव्या हाताने दोरी ओढा. थंड मशीनला चोक लावायचा. इंजिन एकदा फुटल्यासारखे बोलून बंद पडले की चोक काढा आणि पुन्हा ओढा. चोक तसाच ठेवून ओढत राहिलात तर प्लग भिजतो. मग प्लग काढून पुसावा लागतो.

एका हातात मशीन लोंबकळत ठेवून दुसऱ्या हाताने दोरी ओढणारे पुष्कळ दिसतात. ती सवय लावून घेऊ नका. इंजिनाने एकदम वेग घेतला की बार कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.

चालू झाल्यावर एक्सलेटर सोडा. ब्रेक काढल्यावरही साखळी थांबलेली असली पाहिजे. फिरत असेल तर आयडलचा, म्हणजे एक्सलेटर सोडल्यावरच्या वेगाचा, स्क्रू कमी करा, आणि तरी थांबत नसेल तर काम सुरू न करता मशीन आमच्याकडे आणा. ब्रेकही रोज तपासा. मशीन जोरात फिरत असताना मनगटाने गार्ड पुढे ढकलला की साखळी जागच्या जागी थांबायला हवी. ब्रेक सोडल्याशिवाय मात्र एक्सलेटर दाबून ठेवू नका, क्लच जळतो.

मशीन उसळते ते का

साखळी बारच्या वरून पुढे जाते, टोकाला वळसा घालते आणि खालून मागे येते. टोकाच्या वरच्या चतुर्थांश भागाला लाकूड, शेजारची फांदी किंवा कुंपणाची तार लागली की दात तिथे अडकतो आणि सगळा जोर उलटा फिरतो. बार क्षणात वर आणि तुमच्या तोंडाकडे येतो. साखळीचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास असतो, डोळ्याने बघून हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. वाचवतात त्या आधीच लावलेल्या सवयी: डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून घट्ट वळवलेला, डावा कोपर सरळ, डोके बारच्या रेषेच्या बाजूला, आणि बारचे टोक कुठे आहे याकडे सतत लक्ष.

खांद्याच्या वर मशीन उचलून कापू नका. शिडीवर उभे राहून तर मुळीच नाही. उंचावरची फांदी उतरवायला दोर बांधून काम करणारा जाणता माणूस बोलवा, त्याची मजुरी महाग पडणार नाही.

घरच्या बागेला १६ किंवा १८ इंची बार पुरतो. २२ इंची मागणाऱ्याला आम्ही कशासाठी हवा ते दोनदा विचारतो, कारण बार लांब तितके टोकावरचे लक्ष सुटते.

अंगावर लुंगी, खांद्यावर पंचा आणि पायात चप्पल घालून मशीन चालवू नका. पुढून टणक असलेले बूट, घट्ट बसणारी फुल पँट, हातमोजे, डोळ्यांना जाळी किंवा चष्मा, डोक्याला हेल्मेट एवढे हवेच. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, कानाला मफ लावा. चेनसॉसाठीची खास पँट मिळते. तिच्या आतले लांब धागे साखळीत गुंतून ती थांबवतात. महाग आहे, पण रोज काम करणाऱ्याने ती घ्यावी असे आम्ही आग्रहाने सांगतो.

धार

साखळीला धार आहे की नाही हे भुशावरून कळते. ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला, लाकडातून धूर निघू लागला किंवा तुम्हाला वरून जोर द्यावा लागला की थांबा. जोर द्यायला लागला की माणूस पुढे झुकतो, हात दुखतात, कापून संपताच मशीन सुटून पायाकडे येते. धारदार साखळी स्वतःच्या वजनाने लाकडात उतरते.

आपल्याकडे धार जाते ती लाकडापेक्षा जमिनीने. जांभ्याला किंवा वाळूला साखळी अर्धा सेकंद टेकली तरी पूर्ण फेरीतले दात बसतात. ओंडक्याखाली फळकूट सरकवा, नाहीतर दोन तृतीयांश कापून ओंडका फिरवून घ्या. समुद्राकाठच्या माडाच्या सालीत वाळू असते, ती आधी कोयत्याने तासा. माडाचे लांब धागे स्प्रॉकेटच्या (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणाखाली गुंडाळतात, फणसाचा चीकही तिथेच घट्ट बसतो. काम संपले की झाकण उघडून साफ करा.

धार लावायला गोल कानस लागते आणि तिचा आकार साखळीप्रमाणे ठरतो. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधल्या अंतराचे माप) साखळीला ४.८ मिमी, लहान मशीनवरच्या ३/८ लो-प्रोफाइल साखळीला ४ मिमी. बार व्हाइसमध्ये घट्ट धरा, ब्रेक लावा. दातावर तिरकी खूण असते, साधारण ३० अंशांची, तिच्या रेषेत कानस आतून बाहेर ढकला. परत आणताना उचलून आणा, घासू नका. प्रत्येक दाताला सारखेच हात मारा, तीन तर तीन. एका बाजूचे झाले की दुसऱ्या बाजूचे. एका बाजूचे दात आखूड झाले तर मशीन लाकडात वाकडे जाते. चार-पाच वेळा धार झाली की दातापुढचा उंचवटाही सपाट कानशीने थोडा उतरवावा लागतो. तो दाताच्या धारेपेक्षा सुमारे ०.६५ मिमी खाली असावा. जास्त उतरवलात तर मशीन हिसके मारते आणि उसळण्याचा धोका वाढतो, म्हणून माप लावल्याशिवाय हात लावू नका. पहिली धार आम्ही दुकानात तुमच्यासमोर करून दाखवू. दुसरी तुम्ही आमच्यासमोर करा.

साखळीचा ताण मशीन थंड असताना बघा. ती बारच्या खालच्या बाजूला चिकटलेली हवी, पण हातमोज्याने सहज ओढली गेली पाहिजे. गरम साखळी सैल पडते. कामात ताणली असेल तर काम संपल्यावर पुन्हा सैल करा, कारण थंड होताना ती आकसते.

वादळात पडलेले झाड

उभ्या झाडापेक्षा पडलेले झाड फसवे असते. त्याच्या बुंध्यात ताण साठलेला असतो. खोड दोन्ही टोकांना टेकलेले आणि मध्ये अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली असते, म्हणून आधी वरून एक तृतीयांश कापा आणि मग खालून. एकच टोक टेकलेले आणि दुसरे लोंबते असेल तर उलट, आधी खालून. याच्या विरुद्ध केलेत की बार अडकतो किंवा खोड फाटून उडते. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा गड्डा धाडकन पुन्हा खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात आणि गड्ड्यामागे कोणालाही, विशेषतः मुलांना, उभे राहू देऊ नका.

फांद्यांत विजेची तार दिसली तर मशीन खाली ठेवा. वीज गेलेली असली तरी तार मेलेली धरू नका, शेजारच्या जनरेटरमधूनही तिच्यात प्रवाह येतो. १९१२ वर कळवा आणि महावितरणचा माणूस येऊन सांगेपर्यंत थांबा.

उभे झाड तोडायचे असेल तर झाडाच्या दुप्पट उंचीएवढ्या अंतरात माणूस किंवा गुरे नकोत, आणि तिरके मागे पळायची वाट आधीच साफ हवी. परवानगीचेही बघा. आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ अशी झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात. नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे.

एकटे काम करू नका. हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर कोणीतरी असू द्या. खिशात स्वच्छ जाड कापड ठेवा. जखम झाली तर ती घट्ट दाबून धरायची आणि १०८ ला फोन करायचा.

मृगाआधी

पावसाळ्यात मशीन ठेवून द्यायचे असेल तर टाकी रिकामी करा, मग ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. प्लग काढून आत चमचाभर टू-टी ऑइल सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. बारची खाच पातळ पत्र्याने कोरून काढा आणि बार उलटा करून लावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. साखळीला ऑइल लावून मशीन माळ्यावर, जमिनीच्या ओलीपासून दूर ठेवा.

वादळाचा इशारा आला की ताजे मिश्रण करा आणि मशीन आदल्या दिवशी एकदा चालवून बघा. झाड रस्त्यावर पडल्यावर तुम्ही आमच्याकडे धावत आलात तर त्याच वेळी अख्खा गाव आलेला असतो.

दुरुस्तीला आणताना टाकी रिकामी करून, बारवर कव्हर चढवून आणा, एसटीत पेट्रोल नेता येत नाही. नवी साखळी हवी असेल तर जुनी बरोबर आणा, किंवा बारवर कोरलेले आकडे लिहून घ्या आणि साखळीच्या आतल्या बाजूच्या, खाचेत बसणाऱ्या कड्या मोजा. नुसते "अठरा इंची द्या" म्हटले तर चुकीची साखळी घरी जाते.