आर्चटॉप विकत घेण्याआधी थोडं भौतिकशास्त्र

जॅझ गिटार म्हटलं की कानात येतो तो गोलाई असलेला, मऊ, भरदार आवाज. डोळ्यांसमोर येते ती व्हायोलिनसारखी फुगीर फळी आणि इंग्रजी एफच्या आकाराची दोन भोकं असलेली मोठी, पोकळ गिटार, म्हणजेच आर्चटॉप. हा आवाज याच फळीतून येतो, असं आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात ही गिटार घडली ती अगदी उलट कामासाठी. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम्सच्या गलक्यातूनही ऐकू जाईल असा करकरीत, तुटक आवाज तिच्याकडून हवा होता. मऊपणा नंतर आला, आणि तो विजेमुळे आला. स्वप्नातली आर्चटॉप शोधताना होणारी बरीचशी फसगत इथूनच सुरू होते. विक्रेता फसवेल तेव्हा फसवेल. त्याआधीच आपले कान एका वाद्यावर भाळलेले असतात आणि डोळे दुसऱ्याच.

ऑर्व्हिल गिब्सन हा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलमझू इथे काम करणारा कारागीर. व्हायोलिन जशी जाड लाकडातून कोरून काढतात, तशी मँडोलिन आणि गिटारही कोरावी, ही त्याची कल्पना. १८९८ मध्ये त्याला अशा मँडोलिनचं पेटंट मिळालं आणि १९०२ मध्ये त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. पण आज आपण जिला आर्चटॉप म्हणतो तिला रूप दिलं लॉइड लोअरने. हा स्वतः वादक, शिवाय ध्वनिशास्त्राचा जाणकार. १९१९ ते १९२४ एवढाच काळ तो गिब्सन कंपनीत होता, पण त्यातच १९२२ मध्ये कंपनीची एल-५ ही गिटार आली. मधलं गोल भोक गेलं, त्याजागी दोन बाजूंना एफच्या आकाराची भोकं आली, आणि फळीच्या आतून लांबीच्या दिशेने दोन पट्ट्या बसल्या. त्या काळी बँडमध्ये ताल धरायचं काम बँजोकडे होतं. पुढच्या दहाएक वर्षांत ते गिटारीने हिसकावून घेतलं.

फळीला ही फुगीर कमान नेमकी कशासाठी, हे ब्रिजजवळ, म्हणजे तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात तिथे, पाहिलं की कळतं. नेहमीच्या सपाट फळीच्या गिटारीत तारा ब्रिजमध्येच अडकवलेल्या असतात आणि ब्रिज फळीला चिकटवलेला असतो. तारा त्याला पुढे ओढतात, फळीला पीळ बसतो. आर्चटॉपमध्ये तारा ब्रिजवरून पार जाऊन गिटारीच्या शेवटी टेलपीस नावाच्या पट्टीला अडकतात. ब्रिज चिकटवलेला नसतोच. तारांच्या दाबाने तो जागेवर उभा राहतो. (म्हणूनच सगळ्या तारा एकदम काढू नयेत. ब्रिज हातात येतो आणि परत नेमका कुठे ठेवायचा ते शोधत बसावं लागतं.) मध्यम जाडीच्या सहा तारांचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास असतो. ब्रिजवर तारा सुमारे १५ अंशांनी वळत असतील, तर फळीवर सरळ खाली येणारा भार भरतो साधारण १८ किलो. काही मिलिमीटर जाडीची सपाट फळी एवढ्या भाराखाली बसली असती. कमान तो भार दगडी पुलासारखा दोन्ही बाजूंना वाटून देते, त्यामुळे फळी पातळ आणि हलकी ठेवूनही ताठ राहते.

आता आवाजाचं पाहू. छेडलेल्या तारेजवळ बोटांनी दिलेली ऊर्जा तेवढीच असते. ती भसकन खर्च केली तर आवाज मोठा येतो, पण लगेच विरतो. पुरवून वापरली तर बारीक येतो आणि रेंगाळतो. दोन्ही एकदम मिळत नाही. कोरलेली आर्चटॉप पहिल्या प्रकारची उधळी. स्वर उसळून येतो, मधल्या पट्टीत जोर धरतो आणि पुढच्या ठोक्यासाठी जागा मोकळी करतो. तालासाठी यापेक्षा चांगलं काय हवं? काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ पर्यंत हेच करत राहिला. तारा फळीपासून बऱ्याच उंच, अ‍ॅम्प्लिफायर नाही, प्रत्येक ठोक्याला एक कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले स्वर. असा वादक सोलोच्या मागे लागत नाही, हे त्याच्या वाद्याकडे पाहूनच समजतं.

आवाज वाढवण्याचा दुसरा रस्ता म्हणजे आकार. एल-५ आधी १६ इंच रुंद होती, मग १७ झाली. १९३४ मध्ये १८ इंचांची सुपर ४०० आली. नावातला आकडा तिच्या किमतीचा, ४०० डॉलर. बॉस्टनच्या स्ट्रॉमबर्ग या गिटार बनवणाऱ्यांनी १९ इंचांपर्यंत मजल मारली. बसून वाजवताना एवढं धूड उजव्या काखेत कसं लागतं, हे विकत घेण्याआधी तासभर तरी अनुभवावं.

एफच्या भोकांबद्दल एक सुंदर निष्कर्ष आहे, व्हायोलिनवरच्या अभ्यासातून आलेला. एमआयटीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की भोकातून आत-बाहेर होणारी हवा मुख्यतः कडेलगत वेगाने वाहते. म्हणजे भोकाच्या क्षेत्रफळापेक्षा त्याच्या कडेची लांबी महत्त्वाची. लांबट, निमुळतं भोक त्यामुळे कमी जागेत जास्त काम करतं. गिटारीलाही हे तत्त्व लागू पडायला हरकत नाही, पण गिटारीचा आवाज ठरवणाऱ्या इतर गोष्टी इतक्या आहेत की भोकांच्या नक्षीवर जास्तीचे डॉलर मोजायला मी तयार होणार नाही.

मग १९३६ मध्ये गिब्सनची ईएस-१५० ही विजेची गिटार आली आणि सगळं फिरलं. फळी कोरलेलीच, पण तारांखाली चुंबक आणि बारीक धातूच्या तारेचं वेटोळं, म्हणजेच पिकअप. चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये ही गिटार घेऊन गेला आणि गिटारवादक सॅक्सोफोनसारखे लांबलचक सोलो वाजवू लागला. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात हलली की वेटोळ्यात विद्युत प्रवाह निर्माण होतो, एवढंच त्याला कळतं. आणि तो तार ऐकतो फक्त एका जागी. जॅझ गिटारीत पिकअप नेकला, म्हणजे गिटारीच्या मानेला, लागून असतो, ब्रिजपासून तारेच्या साधारण एक चतुर्थांश अंतरावर. मोकळी तार कंप पावताना मूळ स्वराच्या चौपट वारंवारतेचा जो उपस्वर असतो, तो नेमका याच बिंदूवर स्थिर असतो. पिकअपला तो जवळजवळ दिसतच नाही. त्यात सपाट गुंडाळीच्या तारा लावल्या की वरचे उपस्वर आणखी दबतात, आणि टोनचं बटण खाली आणलं की राहिलेलेही कमी होतात. आपल्या कानातला तो मऊ आवाज हा असा घडतो.

पण उत्तम कोरलेली फळी अ‍ॅम्प्लिफायरसमोर अडचणीची ठरते. ती जितकी सहज कंप पावते, तितक्याच सहज स्पीकरचा आवाज पकडून तारांना परत देते, आणि हूं असा घुमणारा फीडबॅक सुरू होतो. गिब्सनने १९४९ मध्ये काढलेल्या ईएस-१७५ मध्ये फळी चक्क प्लायची होती. थर आडवे-उभे चिकटवल्यामुळे ती जड आणि कमी बोलकी, म्हणून फीडबॅकही कमी. ‘प्लायवुड’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की जॅझ गिटारवादक ‘जो पास’ आणि जिम हॉल यांची नावं याच मॉडेलशी जोडलेली आहेत.

तेव्हा दुकानात पाऊल टाकण्याआधी एक प्रश्न सोडवा: तुम्ही ती खोलीत नुसती वाजवणार, की अ‍ॅम्प्लिफायरला जोडून बँडबरोबर? नुसती वाजवणार असाल तर कोरलेली फळी, आणि पिकअप हवाच असेल तर फळीला न टेकणारा तरंगता. बँडबरोबर वाजवणार असाल तर प्लायची गिटार निम्म्याहून कमी पैशात तुमचं स्वप्न जास्त प्रामाणिकपणे पुरं करू शकते.

लाकडाबद्दल विक्रेते फार बोलतात. वरच्या फळीचं स्प्रूस खरोखर महत्त्वाचं आहे: वजनाला हलकं, आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने ताठपणा आडव्या दिशेच्या दहा पटींहून अधिक. मागच्या मेपलवरच्या वाघासारख्या पट्ट्यांची गोष्ट मात्र वेगळी. लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये सपाट फळीच्या सहा गिटारी ५२ वादकांना वाजवायला दिल्या. फरक फक्त मागच्या आणि बाजूच्या लाकडाचा होता. अंधुक उजेडात, वेल्डिंगचे चष्मे घालून वाजवल्यावर सगळ्या गिटारींना जवळपास सारखेच गुण मिळाले. पट्टेदार मेपल डोळ्यांसाठी घ्या, जरूर घ्या. फक्त ते कानांच्या खर्चात मांडू नका. नावाचंही तसंच. न्यूयॉर्कच्या जॉन डँजेलिको या कारागिराने १९६४ मध्ये मरेपर्यंत हजार-बाराशेच गिटारी केल्या, आणि त्यांच्या किमतीत या तुटवड्याचा वाटा मोठा आहे.

जुनी गिटार हातात आली की मी आधी वाजवत नाही, बाजूने पाहतो. ब्रिजच्या दोन्ही टोकांना उंची कमी-जास्त करणारी छोटी चाकं असतात. ती पार तळाला टेकलेली असूनही तारा उंचच असतील, तर नेकचा कोन बिघडलेला आहे किंवा फळी खचली आहे. दोन्ही दुरुस्त्या महाग. मग एफच्या भोकातून छोटा दिवा आणि आरसा घालून आतल्या पट्ट्या सुटल्यात का ते पाहायचं. फळीवर बोटाने हलकेच टकटक करत फिरलं की सुटलेली जागा खरखरून सांगते. त्यानंतर प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट (नेकवरची आडवी धातूची पट्टी), सावकाश वाजवायची. एखादा स्वर शेजाऱ्यांपेक्षा लवकर मरतो का? तो फळीच्या किंवा नेकच्या स्वतःच्या कंपनात अडकला असण्याची शक्यता असते, आणि तारा बदलून तो सहसा सुधारत नाही.

जुन्या पिकगार्डचा, म्हणजे फळीला ओरखडे पडू नयेत म्हणून तारांशेजारी लावलेल्या पट्टीचा, वास घेऊन पाहा. तो सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकचा असेल तर वर्षानुवर्षं हळूहळू विघटित होत राहतो. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइड्स बाहेर पडतात, हवेतल्या दमटपणात त्यांचं आम्ल होतं, आणि तेच आम्ल पुढचं विघटन आणखी वाढवतं. बंद केसमध्ये हा वायू कोंडतो. चिरा पडलेला, कडेने चुरा होणारा पिकगार्ड, नाकात जाणारा तिखट वास आणि शेजारच्या सोनेरी टेलपीसवर हिरवट गंज असं एकत्र दिसलं तर पिकगार्ड काढून वेगळा ठेवायचा, तोही हवेशीर जागी. याच कारणाने किंमत पाडून मागायला हरकत नाही. फळीवरच्या लॅकरच्या बारीक भेगांना मात्र घाबरू नका. चिंता करायची ती लाकडातल्या भेगेची, जी सहसा कोरड्या हवेत रेषांच्या दिशेने जाते. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर ती टळते.

गिटार दुसऱ्या देशातून मागवायची असेल तर लाकडाचं नाव लेखी मागा. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली ती इतर रोझवुडना, याला नाही. जुन्या आर्चटॉपचा फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं ठेवायची लाकडी पट्टी) किंवा ब्रिज त्याचा निघाला, तर परवाना हातात येईपर्यंत पैसे पाठवू नका.