पांढरं जाणं आणि पांढरं पडणं

स्त्रीरोगाच्या ओपीडीत बाईनं ‘पांढरं’ हा शब्द उच्चारला की केसपेपरवर सहसा एकच तक्रार लिहिली जाते: अंगावरून पांढरं जातं. मग त्यावरची ठरलेली औषधं मिळतात. पोटात घ्यायच्या गोळ्या, आत ठेवायची गोळी, बुरशीची ट्यूब. पण साठीतली एखादी बाई ‘खाली पांढरं पडलंय, रात्री खाजेनं झोप लागत नाही’ असं सांगते, तेव्हा ती स्रावाबद्दल बोलतच नसते. ती कातडीबद्दल सांगत असते. बाहेरची कातडी पांढरी पाडणाऱ्या लायकेन स्क्लेरोसस या आजाराचा मुंबईतला प्रवास पुष्कळदा या एका क्रियापदाच्या चुकीपासून सुरू होतो. जाणं आणि पडणं यांतला फरक कुणी ऐकून घेत नाही, आणि बाई वर्ष-दोन वर्षं बुरशीचे कोर्स करत राहते.

आत ठेवायची गोळी इथे उपयोगी पडत नाही, कारण हा आजार सहसा योनिमार्गाच्या आत जात नाही. तो बाहेरच्या त्वचेवर, योनिमुखाभोवती आणि गुदद्वाराभोवती असतो. मात्र ही ‘बाहेरची जागा’ सांगायला आपल्याकडे चालता शब्द नाही. ‘योनी’ हा शब्द आत-बाहेर सगळ्यालाच लावला जातो. ‘भगोष्ठ’ पाठ्यपुस्तकातच राहिला. ‘मायांग’ अजून ऐकू येतं, पण बहुधा अंग बाहेर येण्याच्या तक्रारीपुरतं. राहता राहिली ‘शूची जागा’ किंवा ‘खालची जागा’. तेवढ्यावरून डॉक्टरनं काय ओळखायचं? त्यात गर्दीच्या ओपीडीत वेळ दोन मिनिटांचा आणि पडदा अर्धवट. बाईला टेबलावर घेऊन, उजेड पाडून ती जागा बघितली तरच निदान होतं, आणि नेमकं ते बघणंच राहून जातं.

गोंधळात तिसरा अर्थ येतो तो कोडाचा. जुन्या बोलण्यात कोडाला श्वेतकुष्ठ म्हणत. त्या जोडशब्दातल्या ‘कुष्ठ’नं केलेलं नुकसान अजून भरून निघालेलं नाही, जरी कोडाचा आणि कुष्ठरोगाचा काडीचाही संबंध नाही. कोडात नुसता रंग जातो, कातडी मऊच राहते. लायकेन स्क्लेरोससमध्ये कातडीचा पोत बदलतो. ती चुरगळलेल्या पातळ कागदासारखी दिसते, तिला चिरा पडतात, खाजवलं की खाली रक्त साकळतं. पुढे आतल्या पाकळ्या विरघळल्यासारख्या नाहीशा होतात, क्लिटोरिस त्वचेखाली गाडलं जातं, योनिमुख आक्रसतं. दोन्ही आजारांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते असं मानतात, आणि एकाच बाईला दोन्ही असूही शकतात. कुणाकडून कुणाला दोन्ही लागत नाहीत. घरी मात्र पांढरा डाग म्हटला की पहिल्यांदा लेकीचं लग्न डोळ्यांपुढे येतं आणि तोंड मिटतं.

डॉक्टरांचा स्वतःचा शब्दांचा गोंधळही शंभर वर्षं चालला. 1885 साली प्रागमधल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञानं आक्रसलेल्या योनिमुखाचं वर्णन करून त्याला ‘क्रॉरोसिस’ म्हटलं. दोनच वर्षांनी पॅरिसमधल्या त्वचारोगतज्ज्ञानं त्याच रोगाला ‘लायकेन’ या त्वचारोगांच्या कुळात बसवलं. पुढे ‘ल्यूकोप्लाकिया’ आलं, म्हणजे पुन्हा ‘पांढरा चट्टा’च. ज्या विभागाचा डॉक्टर, त्या विभागाचं नाव. 1976 साली या विषयाच्या तज्ज्ञांनी ‘लायकेन स्क्लेरोसस एट अॅट्रॉफिकस’ या लांबलचक नावातलं ‘आणि झिजलेलं’ अशा अर्थाचं शेपूट काढायचं ठरवलं, कारण सगळीच त्वचा झिजलेली नसते, काही ठिकाणी ती जाडही असते. तरी आजही बायोप्सीच्या रिपोर्टवर जुनं लांब नाव छापून येतं आणि वाचणारीला वाटतं की आपल्याला दोन रोग झालेत.

नावाच्या घोळाची खरी किंमत शस्त्रक्रियेत मोजली गेली. ‘ल्यूकोप्लाकिया’ म्हणजे कर्करोगाची पहिली पायरी असं समजून विसाव्या शतकात कितीतरी बायकांचं योनिमुख सबंध कापून काढलं गेलं. त्यानंतरही रोग उरलेल्या त्वचेवर परतला, कधी मांडीवरून घेऊन लावलेल्या कातडीवरसुद्धा. मग दोन टक्के टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे पुरुषी संप्रेरकाच्या, मलमाचं युग आलं. त्यानं काहींच्या चेहऱ्यावर केस वाढले, आवाज जड झाला, आणि 1990च्या दशकातल्या चाचण्यांत ते साध्या पेट्रोलियम जेलीहून फारसं सरस ठरलं नाही.

त्याच दशकात क्लोबेटासोल 0.05 टक्के या सर्वांत जहाल गटातल्या स्टिरॉइड मलमानं पारडं फिरवलं. वास्तविक हे औषध 1970च्या दशकापासून उपलब्ध होतं. इतक्या नाजूक जागी इतकं जहाल मलम लावायला कुणी धजत नव्हतं, एवढंच. चाचण्या झाल्या आणि एक पद्धत रूढ झाली: पहिला महिना रोज रात्री एकदा, दुसरा महिना एक रात्र सोडून, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. या तीन महिन्यांना तीस ग्रॅमची एक ट्यूब पुरते. नंतर त्रासाप्रमाणे वर्षाला तीस ते साठ ग्रॅम. 2015 साली ऑस्ट्रेलियातून 507 बायकांचा एक अभ्यास आला. त्यात खाज थांबल्यावरही सांगितल्याप्रमाणे मलम चालू ठेवणाऱ्या 357 जणींपैकी एकीलाही त्या जागेचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था झाली नाही. अधूनमधून लावणाऱ्या 150 जणींपैकी सात जणींना दोन्हींपैकी काही ना काही झालं. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली ती चाचणी नव्हती, म्हणून तिच्यावरून शेवटचा शब्द काढता येत नाही. तरी ‘खाज आली की लावा’ या जुन्या सल्ल्याची जागा ‘खाज नसली तरी लावत राहा’ या सल्ल्यानं घेतली, ती मुख्यतः या अभ्यासानंतर.

आणि नेमक्या त्याच वर्षांत आपल्याकडे वारं उलट्या दिशेनं वाहत होतं. त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आज मुंबईत ट्यूब हातात घेऊन घाबरलेली बाई दिसते तिची भीती तिथून आलेली आहे.

2010 नंतर नायट्याची मोठी लाट आली. जांघेतला, कमरेचा, काखेतला नायटा औषधांना दाद देईना. मुंबईचा दमट उकाडा, घट्ट जीन्स, लोकलमधला घाम ही कारणं होतीच, पण त्वचारोगतज्ज्ञ बोट दाखवत होते ते केमिस्टच्या काउंटरवर मिळणाऱ्या मिश्रण-मलमांकडे. बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि जहाल स्टिरॉइड, सगळं एका ट्यूबमध्ये. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. चेहरा गोरा करायला स्टिरॉइड लावून चेहरा जाळून घेतलेल्या मुली त्याच रांगेत उभ्या होत्या. या मलमांना पळवाट मिळाली होती ती नियमातच. चिठ्ठीवर विकायच्या औषधांच्या यादीतून बाहेरून लावायची औषधं वगळलेली होती. 2016 साली केंद्रानं 344 मिश्रण-औषधांवर बंदी घातली. ती न्यायालयात अडकली. मार्च 2018 मध्ये 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा आदेश निघाला, आणि सप्टेंबरमध्ये 328 मिश्रणांवर बंदी आली. त्यांत त्वचेवर लावायची काही मिश्रणंही होती.

हा निर्णय योग्य होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उलट तो दहा वर्षं उशिरा झाला. पण त्याच्यामागची मोहीम ज्या शब्दांत लोकांपर्यंत पोचली, त्यांत एक मोठी उणीव राहिली. ‘स्टिरॉइड लावू नका’ हे वाक्य व्हॉट्सअॅपवर घरोघरी फिरलं. ‘डॉक्टरांनी निदान करून दिलेलं स्टिरॉइड सोडू नका’ हे दुसरं वाक्य फिरलं नाही. नायट्यावर स्टिरॉइड घातक आहे आणि लायकेन स्क्लेरोससवर तेच मुख्य औषध आहे, हे एका दमात सांगायला हवं होतं. दोन्ही रोग जांघेच्या आसपासचे, दोन्हींत खाज, आणि दोन्हींत बाई लाजून आधी केमिस्टकडेच जाते.

भीतीला दुजोरा मिळतो तो खोक्यातल्या चिटोऱ्याचा. क्लोबेटासोलच्या माहितीपत्रकात साधारण लिहिलेलं असतं की दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये, आणि गुप्तांगाच्या खाजेवर वापरू नये. डॉक्टर म्हणतात तीन महिने आणि पुढे वर्षानुवर्षं. बाईनं कुणावर विश्वास ठेवायचा? बारकाईनं पाहिलं तर माहितीपत्रकातली मनाई आहे ती कारण न शोधता नुसत्या खाजेवर लावण्याला. दाह आणि व्रण धरणारा ठरावीक रोग ओळखून, मोजून लावणं वेगळं. शिवाय योनिमुखाची आतली बाजू स्टिरॉइडनं सहजी पातळ होत नाही. जांघेची घडी, मांडी आणि गुदद्वाराभोवतीची कातडी मात्र होते. म्हणून मलम नेमकं कुठे लावायचं हे आरशात दाखवून द्यावं लागतं, आणि तिथेच हात थांबवायचा असतो. ‘खाली लावा’ एवढ्या सूचनेवर पाठवलेली बाई एकतर मांडीपर्यंत फासते, नाहीतर घाबरून टिकलीएवढंही लावत नाही. मला वाटतं, दुसऱ्या प्रकारच्या बायका कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांचा रोग गुपचूप पुढे सरकत असतो.

आणखी एक घोळ ‘मलम’ या शब्दाचा. क्रीम आणि ऑइंटमेंट दोन्हींना आपण ट्यूब किंवा मलमच म्हणतो. या आजारात शक्यतो ऑइंटमेंट देतात, कारण त्यात टिकाऊपणासाठी घातलेली रसायनं कमी असतात आणि चिरांवर ते झोंबत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात ते चिकट वाटतं, म्हणून बाई त्याच नावाचं क्रीम मागून घेते. मग आग होते आणि ‘मला हे औषध सोसत नाही’ असा शेरा केसपेपरवर येतो. आधी आग नेमकी कशानं झाली ते विचारायला हवं.

घरगुती काळजीचा इतिहास लिहून ठेवलेला सापडत नाही, तो आजी-आईकडून आलेला आहे. त्यात खोबरेल तेल आहे, जे बऱ्याच जणींना सोसतं. पण तुरटीचं पाणी आहे, कडुनिंबाचा काढा आहे, आंघोळीच्या बादलीत टाकलेलं जंतुनाशक आहे. शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत त्यांत सुगंधी ‘इंटिमेट वॉश’ची भर पडली. या सगळ्यांमागची समजूत एकच: खाज म्हणजे अस्वच्छता. समजूत चुकीची आहे आणि क्रूरही, कारण खाजणारी बाई अधिक घासते, अधिक धुते, आणि चिरा वाढतात. लागतं ते इतकंच: साबणाशिवाय कोमट पाणी, टिपून कोरडं करणं, वर पेट्रोलियम जेली किंवा पांढऱ्या पॅराफिनचा पातळ थर, सुती आणि सैल कपडे. लघवीच्या आधी तो थर असला तर चिरांना झोंबणं कमी होतं.

मुंबईत हे इतकं साधंही अवघड होतं. जुलैत सुती चड्डी दोन दिवस वाळत नाही. ती ओलसरच घालावी लागते, नाहीतर लवकर वाळणारी सिंथेटिक. विरार किंवा बदलापूरहून येणारी बाई लोकलमध्ये दीड तास आणि कामावर आठ तास असते. वाटेत बरी मुतारी मिळेल याची खात्री नाही, म्हणून ती पाणीच कमी पिते. बायकांना मोफत आणि स्वच्छ मुतारी मिळावी म्हणून 2011 पासून या शहरात मोहीम चालली, ती सुरक्षिततेच्या आणि सन्मानाच्या मुद्द्यावर. कातडीचा मुद्दा तिच्यात फारसा आला नाही, पण दाट झालेली, झोंबणारी लघवी आणि थेंब-थेंब गळतं म्हणून दिवसभर लावलेलं पॅड यांचा त्रास या बायकांना रोज होतो.

आणि आरसा. सगळी आधुनिक पत्रकं सांगतात, महिन्यातून एकदा आरशात बघा. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, संडास सामायिक, बाहेर रांग. तिथे बाई मांडीवर आरसा घेऊन कुठे बसणार? काही बायकांनी मार्ग काढलेला आहे. दुपारी मुलं शाळेत असताना कडी लावून, मोबाइलचा टॉर्च धरून. बघायचं असतं ते रंगापेक्षा फरक: न भरणारी जखम, हाताला लागणारी गाठ, जाडसर खरखरीत चट्टा. या आजारात कर्करोग होण्याचं प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आहे, पण तो होतो तेव्हा सुरुवात यापैकीच कशानं तरी होते. असं काही दिसलं आणि नियमित मलमानंही गेलं नाही तर जागा बधिर करून बायोप्सीसाठी चार मिलिमीटरचा तुकडा काढतात. बाई त्याच दिवशी घरी जाते. तुकड्याबरोबरच्या कागदावर आजाराचं नाव नीट लिहिलेलं आहे ना, ‘पांढरं जातं’ असं तर लिहिलेलं नाही ना, ते तिथल्या तिथे वाचून घ्यावं किंवा कुणाकडून तरी वाचून घ्यावं.