मंत्रालयात धोरणाच्या फायलीवर काम करायचंय? सहायक कक्ष अधिकारी पदाची पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

कुठलाही शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, उघडून पाहा. वर क्रमांकात विषयाचं लघुरूप किंवा नुसतं 'संकीर्ण', मग साल, मग 'प्र.क्र.' (प्रकरण क्रमांक) आणि शेवटी कार्यासनाचं, म्हणजे विभागातल्या त्या विषयाच्या शाखेचं, नाव. मधे कुठेतरी 'वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये प्राप्त झालेल्या सहमतीने' असं एक वाक्य. तळाशी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' आणि कक्ष अधिकारी, अवर सचिव किंवा उपसचिव यांच्यापैकी कोणाची तरी डिजिटल स्वाक्षरी.

त्या विषयाची नस्ती, म्हणजे फाईल, ज्याने पहिल्यांदा हातात घेतली, आधीचे जीआर शोधून जोडले, नियम काय सांगतो ते लिहिलं आणि पहिली टिपणी वर पाठवली, त्याचं नाव मात्र त्या कागदावर नसतं. बहुतेक वेळा तो सहायक कक्ष अधिकारी असतो. पदवी हातात घेऊन थेट धोरणाच्या कामात शिरायचं तर महाराष्ट्रात सरळ वाट या पदाची आहे. तरीही अर्ज भरणारी बरीच मुलं-मुली याकडे पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) आणि एसटीआय (राज्य कर निरीक्षक) यांच्या खालचा तिसरा पर्याय म्हणून बघतात. वर्दी नाही, फील्ड नाही, गाडी नाही, हे खरं. पण ज्याला शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा किती असावी, एखाद्या योजनेत विधवांना प्राधान्य कसं द्यायचं, असल्या प्रश्नांत रस आहे, त्याने पसंतीक्रम भरताना थांबून विचार करावा.

पद नेमकं कोणतं

हे गट-ब अराजपत्रित पद आहे. वेतनश्रेणी एस-१४, म्हणजे मूळ वेतन ३८,६०० ते १,२२,८००, वर महागाई भत्ता आणि मुंबईचा घरभाडे भत्ता. नेमणूक मंत्रालयातल्या कुठल्याही विभागात होते: कृषी, शालेय शिक्षण, महसूल, गृह, जिथे जागा असेल तिथे. बदली झाली तरी बहुतेक वेळा ती एका विभागातून दुसऱ्या विभागात. गावाकडे बदली मिळेल या आशेवर हे पद घेऊ नये. घर शोधायचं ते मुंबईच्या आसपास आणि लोकलचा पास काढायचा, हे गृहीत धरा.

काम बसून करायचं, पण निवांत नाही. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की आमदारांच्या तारांकित प्रश्नांची उत्तरं, लक्षवेधी, कपात सूचना यांची माहिती त्याच टेबलावर गोळा होते. हिवाळी अधिवेशनाला काहींना नागपूर गाठावं लागतं. एरवी माहिती अधिकाराचे अर्ज, न्यायालयीन प्रकरणांची शपथपत्रं, आमदारांची पत्रं आणि मंत्रिमंडळासमोर जायच्या प्रस्तावाचा मसुदा. कुठल्या विषयाला वित्त विभागाची सहमती लागते, कुठल्याला विधी व न्याय विभागाचे अभिप्राय, हे ठरवणारी शासन कार्यनियमावली हळूहळू पाठ होते. २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयातल्या असंख्य नस्त्या जळाल्या, त्यानंतर ई-ऑफिसचा आग्रह वाढला. आता टिपणी पडद्यावर लिहितात, पण टिपणी लिहिण्याची पद्धत तीच.

बढतीची शिडी कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव अशी. कक्ष अधिकाऱ्याचं पद राज्यसेवा या वरच्या परीक्षेतूनही थेट भरलं जातं, त्यामुळे नोकरीत राहून राज्यसेवा देणारेही इथे पुष्कळ भेटतात.

परीक्षा

भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोग करतो. परीक्षेचं नाव महाराष्ट्र गट-ब (अराजपत्रित) सेवा संयुक्त पूर्व परीक्षा. एकाच परीक्षेतून सहायक कक्ष अधिकारी, राज्य कर निरीक्षक आणि पोलीस उपनिरीक्षक अशी पदं भरतात. पूर्व परीक्षा १०० प्रश्नांची, १०० गुणांची, एका तासाची, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. मुख्य परीक्षेला दोन पेपर, मिळून ४०० गुण. पहिल्यात मराठी आणि इंग्रजी, दुसऱ्यात सामान्य अध्ययन आणि बुद्धिमापन. सगळं वस्तुनिष्ठ. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, ती गोष्ट इथे लागू नाही.

या पदाला मुलाखत नाही आणि शारीरिक चाचणीही नाही. निवड मुख्य परीक्षेच्या गुणांवर होते. म्हणून मराठीचं व्याकरण शेवटच्या महिन्यावर ढकलणाऱ्यांचं नुकसान होतं. पुढे आयुष्यभर मराठीतच टिपण्या लिहायच्या आहेत, तेव्हा ही मेहनत वायाही जात नाही.

जागांचं गणित मात्र आधी समजून घ्या. २०२४ च्या जाहिरातीत एकूण ४८० पदं होती, त्यांत सहायक कक्ष अधिकाऱ्याची ५५. २०२५ च्या जाहिरातीत राज्य कर निरीक्षकाची २७९ आणि सहायक कक्ष अधिकाऱ्याची फक्त ३. आकडा शासनाकडून येणाऱ्या मागणीपत्रावर ठरतो, आयोग आपल्या मनाने पदं वाढवत नाही. एका वर्षी दार बंद दिसलं म्हणून अभ्यास सोडू नये, आणि निव्वळ याच पदावर विसंबूनही राहू नये.

पात्रता

कुठल्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची, कुठल्याही शाखेची पदवी चालते. टक्केवारीची अट नाही. मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते. मराठीचं ज्ञान हवं. शेवटच्या वर्षाला असलेले विद्यार्थी पूर्व परीक्षेला बसू शकतात, मात्र मुख्य परीक्षेचे अर्ज घेण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत पदवी उत्तीर्ण झालेली असली पाहिजे. ज्या पदवीला इंटर्नशिप सक्तीची आहे त्यांनी तीही तोवर संपवलेली असावी. विद्यापीठांचे निकाल कसे लागतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

वय किमान १८. कमाल मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि अनाथ यांना ४३, दिव्यांगांना ४५. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते जाहिरातीत दिलेलं असतं. पीएसआयची मर्यादा याहून बरीच कमी आहे, त्यामुळे तिशी ओलांडलेल्यांनी तिन्ही पदं एका मापाने मोजू नयेत.

सीमाभागातल्या वाचकांसाठी खास सांगतो. बेळगाव, निपाणी, कारवार या पट्ट्यातल्या, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांमधले मराठी भाषिक उमेदवारही अर्ज करू शकतात. त्यांना तिथल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित दाखला लागतो. दरवर्षी कोणीतरी विचारतं, 'आम्ही कर्नाटकात राहतो, आम्हाला चालेल का?' चालतं.

अर्ज

आयोगाच्या ऑनलाइन अर्ज प्रणालीवर आधी खातं आणि प्रोफाइल तयार करायचं. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव आणि जन्मतारीख जशी आहे तशीच भरायची. आधारवर आडनाव आधी आणि दहावीवर नंतर, एवढ्याशा फरकावरूनही पुढे खुलासे लिहीत बसावं लागतं. पूर्व परीक्षेचं शुल्क खुल्या प्रवर्गाला ३९४ रुपये, मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, अनाथ आणि दिव्यांगांना २९४ रुपये. मुख्य परीक्षेला अनुक्रमे ५४४ आणि ३४४. शुल्क भरलं गेलं का ते अर्जाच्या स्थितीत तपासा. बँकेतून पैसे गेले म्हणजे अर्ज पोचला असं होत नाही. शेवटच्या रात्री अकरा वाजता सायबर कॅफेत बसणाऱ्यांना हे पहिल्या वर्षी कळतं, बहुधा रडून.

अर्जात प्रवर्ग, महिला आरक्षण, खेळाडू, माजी सैनिक, अनाथ, दिव्यांग हे सगळे दावे करायचे असतात. एकदा अर्ज गेला की दावा बदलत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीने नॉन-क्रीमी लेअरचा (मागास प्रवर्गातल्या सधन गटात आपण मोडत नाही, या दाखल्याचा) रकाना 'नंतर बघू' म्हणून 'नाही' भरला. गुण प्रवर्गाच्या कटऑफच्या वर आले, पण तिचा विचार खुल्या यादीतच झाला. दाखला घरात होता.

कागदपत्रं, म्हणजे खरी अडचण

गुण आपल्या हातात असतात, दाखले तहसीलच्या हातात. म्हणून हा भाग जाहिरात येण्याआधी उरकायचा.

वयासाठी दहावीचं प्रमाणपत्र, शिक्षणासाठी पदवी प्रमाणपत्र. गुणपत्रिका आहेत म्हणून पदवी प्रमाणपत्र काढायचं टाळू नका. अधिवास प्रमाणपत्र तहसीलमधून. आरक्षण किंवा वयाची सवलत मागायची असेल तर ते लागतंच. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेअर प्रांत कार्यालयातून, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडून. अर्ज आपले सरकारवरून किंवा सेतू केंद्रातून करता येतो.

नॉन-क्रीमी लेअरमध्ये सर्वांत जास्त लोक घसरतात. अनुसूचित जाती आणि जमाती सोडून बाकीच्या मागास प्रवर्गांना, एसईबीसीलाही (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग), ते लागतं. दाखल्यावर 'अमुक तारखेपर्यंत वैध' असं छापलेलं असतं, आणि जाहिरात कोणत्या मुदतीतला दाखला मागते ते वेगळं लिहिलेलं असतं. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचा. मुदत आठ दिवसांनी संपणारा दाखला पुरेल का, हा जुगार खेळण्यापेक्षा नवीन काढलेला बरा. महिलांसाठी एक दिलासा: ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने खुल्या प्रवर्गातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी नॉन-क्रीमी लेअरची अट उरलेली नाही. जुनी पुस्तकं आणि जुने व्हिडिओ अजून उलटंच सांगतात.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला राज्य शासनाच्या नमुन्यातला हवा. केंद्राच्या भरतीसाठी काढलेला वेगळ्या नमुन्यात असतो, तो इथे जोडू नये. ओबीसींचंही तसंच, केंद्राचा दाखला वेगळा, राज्याचा वेगळा.

जात वैधता प्रमाणपत्र जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी वेगळी तपासणी समिती आहे. बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्यांकडे ते सहसा असतं. कला-वाणिज्यवाल्यांकडे नसतं, कारण कोणी मागितलेलंच नसतं. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत मागे जावं लागतं, त्यामुळे आजच सुरुवात करा.

लग्न झालेल्या उमेदवारांनी नावबदलाचा पुरावा ठेवावा: विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र. जातीचा दाखला माहेरच्या नावाचाच चालतो, सासरच्या नावाने नवा काढायचा खटाटोप नको. खेळाडू आरक्षण मागणाऱ्यांनी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडून आधीच करून घ्यावी. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन सर्वांना द्यावं लागतं. २८ मार्च २००६ किंवा त्यानंतर झालेल्या अपत्यामुळे हयात मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर नियुक्ती अडते.

फेलोशिपचा आडमार्ग

सरकारी नोकरीत उतरायचं की नाही हे अजून ठरत नसेल, तर मुख्यमंत्री फेलोशिप हा एक वर्षाचा अनुभव आहे. २०१५ मध्ये सुरू झाली, मधे बंद पडली, २०२३ मध्ये परत आली. ६० फेलो घेतात. वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के आणि एक वर्षाचा पूर्णवेळ कामाचा अनुभव लागतो. अर्ज अर्थ व सांख्यिकी संचालनालयामार्फत. ऑनलाइन वस्तुनिष्ठ परीक्षा, त्यातून निवडलेल्यांना निबंध आणि मग मुलाखत. २०२५-२६ साठी मानधन प्रवासखर्च धरून दरमहा ६१,५०० रुपये, सोबत आयआयटी मुंबईचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. वर्ष संपलं की संपलं, शासकीय सेवेवर त्याने हक्क येत नाही. पण सरकार आतून बघायला मिळतं, आणि मग परीक्षेच्या अभ्यासाला बसायचं की नाही हे स्वतःला विचारता येतं.

यादी लागल्यावर

सर्वसाधारण गुणवत्ता यादीनंतर आयोग पदांचे पसंतीक्रम मागवतो. इथे मित्रांचं ऐकून क्रम लावू नका. तात्पुरत्या निवड यादीनंतर भरतीतून बाहेर पडण्याचा, म्हणजे ऑप्टिंग आउटचा पर्यायही मिळतो. त्याला मुदत थोड्या दिवसांची असते. जे पद घ्यायचंच नाही ते अडवून ठेवू नये, तुम्ही सोडलेल्या जागेवर दुसऱ्या कोणाची वर्षं वाचतात.

आयोग फक्त शिफारस करतो. नियुक्ती शासन देतं, त्याआधी मूळ कागदपत्रांची तपासणी, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी होते. या टप्प्याला लागणारे महिने वेगवेगळे, फोन करून ते कमी होत नाहीत. रुजू झाल्यावर परिविक्षा, म्हणजे सुरुवातीचा चाचणीचा काळ, आणि संगणक अर्हतेचं प्रमाणपत्र नसेल तर ते मुदतीत मिळवावं लागतं. एमएस-सीआयटी कॉलेजात असतानाच केलेलं असेल तर तेवढा एक कागद कमी.